कप्पा कुठला? ठरलाच नाही!

सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली तुम्ही फेकून द्याल ना? ड्युएन ऑलमननं ती बोटात अडकवली आणि गिटारच्या तारांवरून सरकवली! १९४६ साली नॅशव्हिलमध्ये जन्मलेला हा पोरगा स्टुडिओत इतरांच्या गाण्यांना गिटार वाजवायचा. काम छान चाललं होतं, पण मन लागेना. १९६९ मध्ये त्यानं 'ऑलमन ब्रदर्स बँड' काढला. गायला धाकटा भाऊ ग्रेग, ड्रमर चक्क दोन. त्यातला एक कृष्णवर्णीय, तेही वर्णभेदानं पोळलेल्या दक्षिण अमेरिकी राज्यांत! पाया ब्लूजचा, पण जॅझ, कंट्री, रॉक सगळ्यांनाच दार उघडं. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला रेकॉर्ड झालेला लाइव्ह अल्बम तुफान गाजला. ऑक्टोबरमध्ये बाइकच्या अपघातात ड्युएन गेला. वय अवघं २४. तुमच्या-माझ्याएवढंच की!