न खपलेल्या नांगरापासून सुरुवात

लासलगाव-निफाडच्या शिवारात उन्हाळ कांद्याला पाणी देणारे पंप बघा, 'किर्लोस्कर' हे नाव कुठे ना कुठे भेटतंच. पण शेतकऱ्याने या घराण्याला सुरुवातीला चक्क नकार दिला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि ब्रश सुटला. मग यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून थेट बेळगाव गाठलं. मोठे भाऊ रामूअण्णा सोबतीला होतेच. सायकलींचं दुकान चालवता चालवता दोघे कडबा कापायची यंत्रं करू लागले.

मग आला लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा तेव्हा समज. जवळपास दोन वर्षं गिऱ्हाईकच मिळेना! लक्ष्मणरावांनी मात्र नांगराचा नाद सोडला नाही.

त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन देऊ केली. साप आणि निवडुंगाचा माळ नुसता! १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्यांवर रखवालीची जबाबदारी टाकण्याइतका विश्वास होता.

पुढच्या पिढीने आपापली वाट काढली. पुतणे शंकरराव मासिकांकडे वळले. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' घराघरांत पोचली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून परतले. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. वीज नसलेल्या गावांत त्या इंजिनांनी विहिरीचं पाणी वर काढलं. चौथ्या पिढीतल्या विक्रम यांनी १९९७ मध्ये टोयोटाबरोबर मोटारींची कंपनी काढली.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. तोवर नांगर नाकारणाऱ्या शेतकऱ्याची नातवंडं त्याच नावाचा नांगर हौसेने घरी आणत होती. पहिला माल पडून राहिला म्हणून धंदा गुंडाळायचा की शेतकऱ्याला पटेपर्यंत टिकायचं, एवढाच प्रश्न तेव्हा त्यांच्यापुढे होता. ते टिकले, म्हणून पुढच्या पिढ्यांना काही उभारता आलं.