महाड सत्याग्रहाचे बिनीचे शिलेदार : कॉ. रा. बा. मोरे



दरवर्षी २० मार्च आला की आपल्याकडची माणसे महाडच्या चवदार तळ्यावर जायला निघतात. बाबासाहेबांनी तिथे पाणी प्यायले हे आपल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी हजारो माणसे महाडात जमली कशी, जेवली काय, प्यायली काय, हे फारसे कोणी विचारत नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली या आजोळी झाला. त्यांचे गाव दासगाव, सावित्री नदीच्या काठचे. पोरगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला. तरीही महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला दार बंद केले. त्याने वर दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. अन्याय झाला तर नुसते रडत बसायचे नाही, कागद करायचा, हे त्यांना त्याच वयात उमगले.

महाडचा बाजार मोठा. खेड्यापाड्यांतून आपली माणसे लाकडाची मोळी घेऊन यायची, पण घोटभर पाणी मिळायचे नाही. म्हणून आपल्याच एका माणसाचे चहाचे दुकान तिथे उभे राहिले आणि त्यामागे मोरे यांची खटपट होती. त्या दुकानात पेन्शनर शिपाई बसत, अर्ज लिहून घेतले जात, गावोगावच्या खबरा कळत. पुढच्या चळवळीचा पाया तिथे घातला गेला, असे म्हटले तर चुकणार नाही.

१९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण ते कागदावरच राहिले. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवायचे ठरले. मोरे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सवर्ण मित्रही पाठीशी उभे राहिले. हक्काचे पाणी मिळत नाही म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! पाण्यासाठी लढायला निघालेल्या माणसांच्या पाण्याची सोय आधी करावी लागते, हे त्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

२० तारखेला सारे शिस्तीत तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि परत आले. पण घात झाला तो त्यानंतर. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी आवई कोणीतरी उठवली. तोवर परिषद संपली होती. कोणी मांडवात जेवत होते, कोणी चार-दोनच्या घोळक्याने घरची वाट धरली होती. अशा विखुरलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. सुमारे वीसजण जबर जखमी झाले. कित्येकांना मुसलमान बांधवांनी घरात आसरा दिला म्हणून ते वाचले. बंगल्यावर आपले धट्टेकट्टे लोक बदल्यासाठी पेटले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. उलट हात उचलला असता तर रक्ताचा सडा पडला असता आणि दोषही आपल्यावरच आला असता. प्रकरण कोर्टात गेले आणि नऊ आरोपींपैकी पाचजणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

डिसेंबरात पुन्हा महाड. या खेपेला अनुभव गाठीशी होता. गावातले दुकानदार माल देणार नाहीत हे धरूनच धान्य बाहेरून आणले. मांडवाला फत्तेखान यांनी जागा दिली. सत्याग्रहासाठी ३८८४ जणांनी नावे नोंदवली. कोर्टाचा मनाई हुकूम आल्यावर मन मारून सत्याग्रह तहकूब केला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, ती पाण्याला हात न लावता. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. म्हणजे थांबणे हा पळपुटेपणा नव्हता.

पुढे मोरे मुंबईच्या गिरणी कामगारांत शिरले आणि १९३० च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षात गेले. पण जातीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९३८ च्या जानेवारीत खोती विरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संप झाला. दोन्ही वेळी बाबासाहेबांचा पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. असा एकोपा व्हावा, हीच मोरे यांची आयुष्यभराची तळमळ होती. १९६५ साली त्यांनी ‘जीवनमार्ग’ हे साप्ताहिक काढले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. आमच्यातल्या काहींना त्यांचा पक्ष पटणार नाही. पण महाडचे ऋण त्याने फिटत नाही.

बंधूंनो, आजही आपण मोर्च्याला जातो, महाडला जातो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. तेव्हा मोरे यांच्या पिढीचा धडा विसरू नये. पाण्याची बाटली, भाकरी आणि म्हाताऱ्यांची रोजची औषधे बरोबर घ्यावीत. पोराच्या खिशात नाव आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. गाडीतल्या माणसांची यादी एकाने ठेवावी. चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आधीच ठरवावे. मोबाईलवर आलेली आवई खरी-खोटी केल्याशिवाय पुढे ढकलू नये. कोणी डिवचले तर हात न उचलता आपल्या माणसांत यावे. पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परततानाही एकत्रच परतावे. महाडला लाठी पडली ती जाताना नव्हे, येताना.

घरून निघालेले प्रत्येक माणूस सुखरूप घरी यावे. तरच पुढच्या वर्षी ते पुन्हा आपल्या खांद्याला खांदा लावून चालेल.

जयभीम! नमो बुद्धाय!