विश्लेषण : नवे मॉडेल आले की पडून राहिलेल्या सायकलींचे काय होते? कर्नल पोप यांची गोष्ट काय सांगते?

सायकलच्या दुकानात एका कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या मॉडेलवर सवलतीची पाटी लटकलेली दिसते. फ्रेम तीच, चाके तीच, फरक बहुतेक वेळा रंगाचा आणि स्टिकरचा. तरीही किंमत उतरलेली असते. करोनाकाळात जगभर सायकलींची मागणी वाढली, कंपन्यांनी भरमसाट ऑर्डरी दिल्या आणि माल हाती येईपर्यंत मागणी ओसरली. २०२३ मध्ये युरोप-अमेरिकेतील गोदामे सायकलींनी भरलेली होती.

अशीच वेळ अमेरिकेवर सव्वाशे वर्षांपूर्वी आली होती. तेव्हा तिथल्या सायकल उद्योगातले सर्वांत मोठे नाव होते कर्नल अल्बर्ट पोप. पडून राहिलेल्या मालाचा तोटा शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे त्यांच्या आयुष्यातून नीट समजते.

कर्नल पोप कोण होते?

अल्बर्ट पोप यांचा जन्म २० मे १८४३ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. वडिलांचा व्यवसाय बसल्याने त्यांना लहान वयातच कामाला लागावे लागले. शेतात राबणे, भाजीपाला विकत घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकणे, असे करत ते व्यापार शिकले. १८६२ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. युद्धाअखेरीस त्यांना लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला आणि ‘कर्नल’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. युद्धानंतर त्यांनी बूट कारखान्यांना लागणारे सामान विकून चांगला पैसा मिळवला.

१८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात त्यांनी इंग्लंडहून आलेली उंच चाकाची सायकल पाहिली. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे, मागचे अगदी लहान. पुढच्याच वर्षी त्यांनी कंपनी काढली आणि इंग्लिश सायकली आयात करायला सुरुवात केली.

सायकल कारखाना शिवणयंत्रांच्या कारखान्यात कसा सुरू झाला?

१८७८ मध्ये पोप यांनी हार्टफर्ड शहरातील वीड या शिवणयंत्र कंपनीला ५० सायकली बनवण्याची ऑर्डर दिली. शिवणयंत्रांचा धंदा मंदावला होता, यंत्रे रिकामी होती आणि अचूक मापाचे सुटे भाग बनवणारे कारागीर हाताशी होते. या सायकलींना नाव मिळाले ‘कोलंबिया’.

पोप यांनी सायकलीशी संबंधित महत्त्वाची पेटंट विकत घेतली. त्यामुळे अमेरिकेत इतर कोणाला सायकल बनवायची तर पोप यांना शुल्क द्यावे लागे. दुसरीकडे त्यांनी गिऱ्हाईकही घडवले. सायकल शिकवण्याचे वर्ग काढले, मासिक काढले, सायकलस्वारांच्या संघटनेला बळ दिले. सायकल चालवायला चांगले रस्ते हवेत म्हणून रस्ते सुधारणेच्या चळवळीत पैसा ओतला. एमआयटी या संस्थेत रस्तेबांधणीचे शिक्षण सुरू व्हावे म्हणूनही त्यांनी मदत केली.

उंच चाकाची सायकल एकाएकी जुनी का झाली?

उंच चाकाच्या सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग हवा तर चाक मोठे हवे, पण चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरे. शिवाय चाकाला अडथळा लागला की स्वार थेट डोक्यावर आपटे.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ले यांनी ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. गणित सोपे होते. पुढच्या चक्राला मागच्या चक्राच्या सव्वादोन पट दाते असतील, तर २४ इंची चाक ५४ इंची चाकाएवढे अंतर कापते. वेगासाठी उंच बसण्याची गरजच संपली. १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि धक्केही कमी झाले. त्याच वर्षी पोप यांनी साखळीची ‘व्हेलोस’ बाजारात आणली. इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान सुरू झाले तेही १८८८ मध्येच.

पुढच्या काही वर्षांत उंच चाकाची सायकल बाजारातून बाद झाली. चाक, फ्रेम, बैठक, यांतले काहीच नव्या सायकलीला चालणारे नव्हते. त्यामुळे दुकानात उरलेली सायकल मिळेल त्या किमतीला काढणे एवढाच मार्ग होता. पोप यांचे मात्र फारसे बिघडले नाही. त्यांच्याकडे कारखाना होता, भांडवल होते आणि विकायला नवे मॉडेल होते. जुना माल ज्यांच्या दुकानात पडून होता, तोटा त्यांना झाला.

दरवर्षी नवे मॉडेल आणण्याची पद्धत कशी रुळली?

१८९०च्या दशकात अमेरिकेत सायकलचे वेड पसरले. १८९० मध्ये देशात सायकलीचे २७ कारखाने होते; १९००च्या गणनेत ही संख्या ३१२ झाली. पोप यांनी शिवणयंत्रांचा कारखाना ताब्यात घेतला, टायरचा कारखाना घेतला, पोलादी नळ्या स्वतः बनवायला सुरुवात केली आणि सुट्या भागांची ताकद तपासणारी प्रयोगशाळा उभारली.

धंद्याचे वर्षभराचे चक्र ठरून गेले होते. हिवाळ्यात मोठ्या शहरांत सायकल प्रदर्शने भरत आणि कंपन्या नवी मॉडेल दाखवत. विक्रेते तिथे ऑर्डर देत, वसंत आणि उन्हाळ्यात विक्री होई. शरद ऋतूपर्यंत जी सायकल विकली जाई ना, ती पुढच्या प्रदर्शनानंतर ‘गेल्या वर्षीची’ ठरे. सुरुवातीची काही वर्षे दर मॉडेलमध्ये खरी सुधारणा असे. पण १८९५-९६ पर्यंत सायकलीची रचना जवळपास पक्की झाली होती. नव्या मॉडेलमध्ये मोठा बदल नसला, तरी जुन्याची किंमत मात्र उतरतच होती.

पडून राहिलेल्या सायकली जात कुठे?

- सवलतीत : विक्रेता आपला नफा सोडून, कधी पदरमोड करून सायकल विकत असे. स्वस्त मालासाठी मोठी डिपार्टमेंट स्टोअर्सही या धंद्यात उतरली होती.
- अदलाबदलीत : जुनी सायकल द्या, वरचे पैसे भरा, नवी न्या. यात नवी सायकल विकली जाई, पण दुकानात जुन्या सायकलींची भर पडे आणि त्या पुन्हा नव्यांशीच स्पर्धा करत.
- लिलावात : कारखाना किंवा दुकान बुडाले की सगळा साठा एकगठ्ठा विकला जाई. हा माल बाजारात आला की टिकून असलेल्या दुकानदारांनाही भाव पाडावा लागे.
- परदेशात : १८९७च्या आर्थिक वर्षात अमेरिकेची सायकल निर्यात सुमारे ७० लाख डॉलरवर गेली. स्वस्त अमेरिकी सायकलींमुळे जर्मनीतील कारखानदार धास्तावले.

१८९७ मध्ये काय घडले?

‘कोलंबिया’ची किंमत पोप यांनी १८९५ मध्ये १२५ डॉलरवरून १०० डॉलरवर आणली होती. १०० डॉलर म्हणजे कारखान्यातील साध्या कामगाराची जवळपास तीन महिन्यांची कमाई. कोलंबिया कधी स्वस्त होत नाही, ही तिची ओळख होती. म्हणूनच लोक थांबून न राहता ती घेत.

पण कारखाने वाढत गेले आणि ज्यांना सायकल परवडत होती त्यातल्या बहुतेकांनी ती घेऊन झाली. १८९७ मध्ये पोप यांनी किंमत थेट ७५ डॉलरवर आणली.

याचा फटका तीन ठिकाणी बसला. ज्यांनी नुकतेच १०० डॉलर मोजले होते, त्यांना फसल्यासारखे वाटले. ज्या विक्रेत्यांनी जुन्या किमतीच्या हिशेबाने माल भरला होता, त्यांचा नफा दुकानात उभ्या सायकलींवरच संपला. आणि ७५ डॉलरची सायकल बनवणाऱ्या लहान कारखान्यांना आणखी खाली उतरावे लागले. शिवाय किंमत पुढच्या वर्षी आणखी उतरेल, अशी आशा गिऱ्हाइकाला लागली. वाट पाहणारे वाढले तसा पडून राहणारा मालही वाढला.

पोप यांनी यावर नव्या मॉडेलचाच उपाय केला. १८९८ साठी त्यांनी साखळी नसलेली, दात्यांच्या तिरप्या चक्रांवर आणि दांड्यावर चालणारी कोलंबिया १२५ डॉलरला आणली. असे अचूक दाते कापणे लहान कारखान्यांना जमणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. पण रोज सायकल चालवणाऱ्याला साखळीच्या सायकलीपेक्षा तिच्यात फार मोठा फायदा दिसला नाही. इकडे साखळीच्या कोलंबियाची किंमत १८९९ पर्यंत ५० डॉलरवर आली.

तोटा पोप यांच्यापर्यंत कसा पोहोचला?

१८९९ मध्ये चाळीसहून अधिक कंपन्या एकत्र करून ‘अमेरिकन बायसिकल कंपनी’ हा ट्रस्ट स्थापन झाला. उत्पादन आटोक्यात ठेवायचे आणि किमतींची घसरण थांबवायची, हा उद्देश. पोप यांनीही आपला सायकल व्यवसाय त्यात दिला. ट्रस्टने अनेक कारखाने बंद केले आणि तिथल्या कामगारांची रोजी गेली. तरीही मागणी परतली नाही. १८९९ मध्ये देशात सुमारे ११ लाख सायकली बनल्या होत्या. १९०४ मध्ये हा आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला. १९०२ मध्येच ट्रस्ट दिवाळखोरीत गेला होता.

साठी गाठत आलेले पोप १९०३ मध्ये परतले आणि कंपनी पुन्हा स्वतःच्या नावाने उभी केली. सायकलींबरोबर मोटारीही बनवल्या. पण त्यातही त्यांनी एकाच वेळी अनेक नावांच्या, अनेक शहरांत बनणाऱ्या गाड्या काढल्या. १९०७च्या आर्थिक संकटात कंपनीचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. १० ऑगस्ट १९०९ रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी, पोप यांचे निधन झाले. हार्टफर्ड शहराला त्यांनी दिलेल्या जागेवरचे ‘पोप पार्क’ आजही आहे. सायकलस्वारांसाठी ज्या चांगल्या रस्त्यांचा त्यांनी आग्रह धरला, त्यांवर पुढे मोटारी धावल्या.

आजच्या ग्राहकाने यातून काय घ्यावे?

पडून राहिलेली सायकल कुठे तरी जातेच. कमी झालेली किंमत मात्र कोणाला तरी भरावी लागते. आधी ती दुकानदार भरतो, मग लहान कारखानदार, मग कामगार. माल थांबवला नाही तर शेवटी मोठी कंपनीही त्यातून सुटत नाही. पोप यांना हे समजायला वीस वर्षे लागली.

ग्राहकासाठी हिशेब सोपा आहे. गेल्या वर्षीच्या मॉडेलवर सवलत दिसली तर आधी बदल काय झाला ते विचारा. फक्त रंग बदलला असेल तर जुनी सायकल घेण्यात तोटा नाही. चाकाचे माप, ब्रेकचा प्रकार किंवा गिअरची रचना बदलली असेल, तर सुटे भाग पुढे मिळतील का, याची खात्री करूनच पैसे मोजा. दुकानात बराच काळ उभ्या असलेल्या सायकलीचे टायर, ट्यूब आणि साखळीही तपासून घ्या.