सेल्फ मारत बसू नका!

समजा, समुद्रपुरात तुमच्या काकांच्या घरामागे एक जुनी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे. मे महिना आहे, पारा पंचेचाळिशीकडे निघालाय आणि घरात लग्न आहे. कोणाच्या तरी डोक्यातून आयडिया निघते की नवरदेवाची वरात याच गाडीतून काढायची. ताडपत्री निघते, गाडी धुतली जाते, तुम्ही ऐटीत चावी फिरवता. खट्. पुन्हा फिरवता. पुन्हा खट्. दहाव्या वेळेला तर खटसुद्धा होत नाही.

आता सल्ले सुरू. एक म्हणतो इंजिन गेलं, दुसरा म्हणतो धक्का मारा, तिसरा थेट भंगारवाल्याचा नंबर काढतो. शेवटी जाम चौरस्त्यावरून एखाद्या पिकल्या केसांच्या मिस्त्रीला आणलं, तर तो सगळ्यात आधी तुमचा हात चावीवरून काढेल. सेल्फ मारत बसलात तर बॅटरीत उरलंसुरलंही जाईल, बिघाड मात्र तिथेच राहील. आधी शोधायचं की गाडी अडलीय कुठे.

मिस्त्री त्याच्या कामाला लागेल. तोवर या गाडीमागच्या माणसाची गोष्ट ऐका. या गाड्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायच्या आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी. इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन शोधताना सांगलीच्या वालचंद कॉलेजचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. ते हेच वालचंद. गंमत म्हणजे गाड्या बनवण्याचं त्यांचं स्वप्नही या पद्मिनीसारखंच कित्येक वर्षं सुरू होईना.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, जैन. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वर्ध्याच्या पोराला कापसाचा व्यवहार वेगळा सांगायला नको. वालचंद मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले. घरची पेढी तयार होती. बसायचं, व्याज मोजायचं आणि आयुष्य काढायचं, एवढंच काम होतं. पण त्यात त्यांचा जीव रमला नाही.

इकडे मिस्त्रीनं बॉनेट न उघडता हेडलाइट लावलेत. ही पहिली तपासणी. दिवे मंद असतील किंवा सेल्फ मारल्याबरोबर विझल्यासारखे होत असतील, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर चढलाय. थर असेल तर गरम पाणी आणि ब्रश घेऊन साफ करायचा, वायर घट्ट आवळायची. दिवे झक्क लागतात, पण नुसतं खट् वाजतं आणि इंजिन फिरत नाही? मग संशय सेल्फच्या मोटरवर आणि तिच्या वायरींवर. म्हणजे इंजिनाला हात लावण्याआधी बघायचं की सुरुवातीची ताकद तिथवर पोचतेय का.

वालचंदांची बॅटरी कुठे चार्ज झाली? रेल्वेच्या कंत्राटांत. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरले होते. त्यांच्याबरोबर वालचंदांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभं करायची हिंमत होती. पुढे तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीचं काम, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, ब्रह्मदेशात इरावती नदीवरचा पूल, अशी मोठमोठी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. आज मुंबई-पुणे ट्रेननं जाताना बोगद्यात मोबाइलची रेंज गेली, तर चिडण्याआधी त्या काळात डोंगर फोडणाऱ्यांना एकदा आठवा. पैसा, माणसं आणि मोठं काम वेळेत उरकायची सवय, हे सगळं त्यांनी या वर्षांत जमवलं.

आता पुढची पायरी. बॅटरी ठीक आहे, सेल्फ इंजिन फिरवतोय, तरी गाडी पकडत नाही. म्हणजे दोनच गोष्टी बघायच्या: ठिणगी आणि पेट्रोल. मिस्त्री एक प्लग काढतो, वायर लावूनच त्याचं लोखंड इंजिनाला टेकवतो, पेट्रोलपासून लांब, आणि सेल्फ मारायला सांगतो. प्लगच्या टोकाशी निळी, कडक ठिणगी पडली तर उत्तम. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं. आत पॉइंट असतात, दोन छोटे धातूचे ठिपके. ते सतत मिटतात आणि उघडतात. उघडताना कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या झटक्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगपर्यंत जातात. गाडी खूप दिवस उभी राहिली की या पॉइंटवर गंज चढतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची ती फट बिघडली की अख्खी गाडी ठप्प.

वालचंदांच्या आयुष्यातला असा गंजलेला पॉइंट होता इंग्रज सरकार. त्याचा पहिला अनुभव समुद्रावर आला. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला निघालं. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन वालचंदांनी ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, तो त्यामुळेच.

पण धंदा म्हणून बघाल तर ‘लॉयल्टी’ फसलं. काही वर्षांतच ते मोडीत निघालं. इंग्रजी जहाज कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीनं गाशा गुंडाळावा. आपल्यापैकी बरेच जण इथे म्हणाले असते, जाऊ दे ना यार, आपलं काम नाही हे. वालचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी दुसरी जहाजं घेतली, किनाऱ्यालगतच्या वाहतुकीत तग धरला आणि अडचण नेमकी कुठे आहे ते ओळखलं. जहाज चालवता येत होतं, माणसं होती, मालही होता. नियम मात्र परक्यांच्या सोयीचे होते. म्हणून देशाच्या किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवा, या मागणीसाठी ते वर्षानुवर्षं भांडत राहिले. ती पुरी झाली स्वातंत्र्यानंतरच.

आता गाड्यांकडे येऊ. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत कारखाना काढला, मागोमाग फोर्डही आली. पण तिथे परदेशातून आलेले सुटे भाग फक्त जोडले जायचे. भारतातच गाडी बनवावी, असा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकात धरला. त्यासाठी ते युरोप-अमेरिकेत फिरून आले, योजना तयार केली. ती प्रत्यक्षात आणायची जबाबदारी वालचंदांनी उचलली. 1939 मध्ये ते अमेरिकेत गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, म्हणून क्रायस्लरकडे गेले. क्रायस्लर तयार झाली. म्हणजे तंत्रज्ञान मिळालं, पैसा उभा राहणार होता. आता गाडी सुरू व्हायला हवी ना?

नाही झाली. आणि इथेच आपण मिस्त्रीच्या तिसऱ्या तपासणीवर येतो. ठिणगी छान पडतेय, तरी गाडी पकडत नाही, तर बघा पेट्रोल येतंय का. बंद पडून राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. कार्बोरेटरचं बारीक छिद्र त्यानं बुजतं, सुई अडकते. कधी पंपाचा पडदाच फाटलेला असतो. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरायची, सेल्फ मारायचा आणि बघायचं धार येते का. टाकी भरलेली असून उपयोग काय, पेट्रोल इंजिनापर्यंत पोचलं पाहिजे.

वालचंदांच्या कारखान्याचं पेट्रोल दिल्लीत अडलं होतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. परदेशातून यंत्रं आणायची तर सरकारी मंजुरी हवी, परकीय चलन हवं आणि लष्कर गाड्या विकत घेईल याची हमी हवी. सरकारनं यातलं काही दिलं नाही. लष्कराला हजारो गाड्या लागत होत्या, त्या बाहेरून येत राहिल्या.

मग ते चावी फिरवत बसले का? त्याच अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान उद्योजकाशी गाठ पडली. गाड्यांच्या कारखान्याला रस्ता मिळत नव्हता, तर त्यांनी विमानांचा कारखाना हाती घेतला. यावेळी सुरुवातीलाच म्हैसूर संस्थानाला भागीदार केलं. डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल तीच. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली.

हे सगळं वाचायला भारी वाटतं, पण त्याची किंमतही बघा. विमानांचा कारखाना 1942 मध्ये सरकारनं ताब्यात घेतला. विशाखापट्टणमवर त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी बॉम्ब पडले. जहाजबांधणीचा तो कारखानाही पुढे सरकारकडेच गेला. तिथे बांधलेलं पहिलं जहाज ‘जल उषा’ 1948 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. उभं केलेलं हातून जाताना बघणं सोपं नसतं.

गाड्यांची कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, नोंदली गेली 1944 मध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या 1947 मध्ये. डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या तिथे जोडल्या जायच्या. अमेरिका दौऱ्यापासून मोजलं तर आठ वर्षं झाली होती. वालचंद तेव्हा पासष्टीला टेकले होते. त्यांना हे सुख फार दिवस लाभलं नाही. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना कामातून बाजूला व्हावं लागलं. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे ते गेले.

तुमच्या काकांची ‘पद्मिनी’ त्यांनी पाहिलीच नाही. इटलीच्या फियाटशी करार होऊन कुर्ल्यात फियाट गाड्या आल्या, त्यातली 1100 डी हे मॉडेल 1960 च्या दशकात आलं आणि तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं 1974 मध्ये. खरं सांगायचं तर पुढची गोष्ट सगळीच अभिमानाची नाही. लायसन्सराजमध्ये स्पर्धा नव्हती, गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, गाडी मात्र जवळपास तशीच राहिली. मारुती आल्यावर लोकांनी पाठ फिरवली. ज्यानं आयुष्यभर नव्या वाटा काढल्या, त्याचीच कंपनी एका मॉडेलवर अडून बसली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनंही निरोप घेतला.

आता वरातीचं काय? पॉलिश पेपरनं पॉइंट घासले, फट मोजून बसवली, कार्बोरेटरमधला कचरा काढला, ताजं पेट्रोल घातलं, तर अशा बऱ्याच गाड्या बोलू लागतात. आणि गिरडच्या रस्त्याला भर दुपारी पुन्हा बंद पडली तर घाबरू नका. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि धार तुटते. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा आणि सावलीत थोडं थांबा. तेव्हा बिघडलेलं काहीच नसतं. थंड होऊ द्यावं लागतं, बस.

तुमच्यातल्या कोणाची पोलीस भरती हुकली असेल, कोणाचा एमपीएससीचा दुसरा अटेम्प्ट गेला असेल, कोणाचा विषय तिसऱ्यांदा राहिला असेल. घरचे-दारचे लगेच इंजिन गेलं म्हणतात. त्यांचं ऐकून पुन्हा तीच चावी फिरवण्याआधी एक दिवस बॉनेट उघडून बसा. अभ्यास कमी पडतोय, पद्धत चुकतेय, पैसा आडवा येतोय, की नुसतं डोकं तापलंय? अडलेली जागा एकदा सापडली की काय घासायचं, काय बदलायचं आणि कुठे नुसतं थांबायचं, ते ठरवता येतं. वालचंदांना गाडी सुरू करायला आठ वर्षं लागली. मधल्या काळात ते विमानं आणि जहाजं बनवायच्या मागे होते.