अपराध आणि करुणा : फ्योदोर दोस्तोयेव्हस्की

रशियातील तत्कालीन दिनदर्शिकेनुसार तो दिवस २२ डिसेंबर १८४९ हा होता. राजधानी सेंट पीटर्सबर्ग थंडीने गोठून गेली होती. सेम्योनोव्हस्की मैदानावर सैनिक रांगेने उभे होते. मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या वीसएक कैद्यांना तेथे आणण्यात आले. शिक्षेचा हुकूम वाचून दाखवला गेला. पहिल्या तीन कैद्यांना खांबांना बांधले गेले. त्यांच्यानंतर ज्या तिघांची पाळी होती, त्यांत अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण लेखक होता. बंदुका रोखल्या गेल्या. पण गोळ्या सुटल्या नाहीत. सम्राट निकोलस पहिला याने मृत्युदंड आधीच रद्द केला होता आणि ही गोष्ट शेवटच्या क्षणापर्यंत कैद्यांपासून लपवण्याची आज्ञाही त्यानेच दिली होती. त्या जीवघेण्या नाटकाने एका कैद्याच्या बुद्धीला कायमचा भ्रम झाला. तो तरुण लेखक मात्र मृत्यूच्या दारातून परत आला आणि पुढे त्याने माणसाच्या पापपुण्याचा असा शोध घेतला, की जगाच्या साहित्यात त्याला तोड नाही. त्या लेखकाचे नाव फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोयेव्हस्की.

फ्योदोरचा जन्म १८२१ मध्ये मॉस्को येथे झाला. त्याचे वडील गरिबांसाठी असलेल्या एका रुग्णालयात डॉक्टर होते आणि कुटुंब त्या रुग्णालयाच्या आवारातच राहत असे. त्यामुळे दारिद्र्य आणि आजार यांचे दर्शन त्याला बालपणापासूनच घडले. आई धर्मपरायण होती. बायबलमधील कथांच्या एका पुस्तकावरून तिने मुलांना अक्षरओळख करून दिली. १८३७ मध्ये आईचे छत्र हरपले. त्यानंतर वडिलांनी त्याला राजधानीतील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात घातले. शिक्षण पूर्ण झाले, नोकरीही मिळाली. परंतु मन साहित्यात गुंतलेले असल्यामुळे १८४४ मध्ये दोस्तोयेव्हस्की यांनी नोकरी सोडली. एका वयस्क, गरीब कारकुनाच्या पत्रांतून उलगडणारी ‘गरीब माणसे’ ही त्यांची पहिली कादंबरी १८४६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका रात्रीत त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या काळी रशियातील कोट्यवधी शेतकरी जमीनदारांचे भूदास होते. ही अमानुष प्रथा नष्ट व्हावी, असे वाटणाऱ्या तरुणांच्या एका मंडळात दोस्तोयेव्हस्की जाऊ लागले. सरकारने बंदी घातलेले एक पत्र त्यांनी तेथे मोठ्याने वाचून दाखवले. एवढ्यावरून १८४९ च्या एप्रिल महिन्यात त्यांना अटक झाली आणि डिसेंबरमध्ये सेम्योनोव्हस्की मैदानावरील तो प्रसंग ओढवला. मृत्युदंडाऐवजी चार वर्षांची सक्तमजुरी आणि त्यानंतर सैन्यात साधा शिपाई म्हणून सेवा, अशी त्यांची शिक्षा ठरली.

पायांत बेड्या घालून त्यांना सायबेरियाकडे नेण्यात आले. वाटेत तोबोल्स्क येथे काही स्त्रिया त्यांना भेटल्या. १८२५ च्या उठावानंतर हद्दपार झालेल्या बंडखोरांच्या त्या पत्नी होत्या. आपल्या पतींच्या पाठोपाठ त्या स्वखुशीने सायबेरियात आल्या होत्या. त्यांनी या नव्या कैद्याच्या हाती बायबलच्या नव्या कराराची एक प्रत ठेवली. ओम्स्कच्या तुरुंगात हेच एक पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा होती. चार वर्षे ते त्यांच्या उशाशी राहिले.

तुरुंगात खुनी, दरोडेखोर आणि चोर यांच्यासोबत एकाच कोंदट बराकीत दिवस काढावे लागत होते. दोस्तोयेव्हस्की उच्च वर्गातील म्हणून इतर कैदी त्यांचा तिरस्कार करत. त्यांच्याही मनात त्या माणसांविषयी किळस दाटून येई. ईस्टरच्या सणात एके दिवशी कैद्यांच्या दारूबाजीला आणि मारहाणीला ते विटून गेले आणि डोळे मिटून पडून राहिले. तेव्हा त्यांना बालपणीचा एक प्रसंग आठवला. नऊ वर्षांचे असताना गावाजवळच्या रानात लांडगा आल्याच्या भासाने ते घाबरून पळत सुटले होते. शेत नांगरणाऱ्या मारेय नावाच्या भूदासाने त्यांना जवळ घेतले, आपल्या मातीने माखलेल्या बोटाने त्यांच्या थरथरत्या ओठांना हलकेच स्पर्श केला आणि क्रूसाची खूण करून धीर दिला. ते प्रेम पाहणारे तेथे कोणी नव्हते आणि त्याचे बक्षीसही मिळणार नव्हते. ही आठवण जागी होताच समोरच्या कैद्यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पालटली. ज्याच्या चेहऱ्यावर डाग दिलेला आहे आणि जो आता नशेत बरळतो आहे, त्याच्या अंतरीही एखादा मारेय असू शकेल, हे त्यांना उमगले. गुन्हेगार हाही माणूसच असतो, हे सत्य त्यांना पुस्तकातून नव्हे, तर अशा रीतीने प्रत्यक्ष जगण्यातून गवसले.

१८५९ च्या अखेरीस ते राजधानीत परतले. तुरुंगातील अनुभवांवर त्यांनी ‘मृतांच्या घरातील टिपणे’ हे पुस्तक लिहिले. मात्र दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. १८६४ मध्ये पत्नी आणि पाठोपाठ थोरला भाऊ मिखाइल यांचे निधन झाले. भावाचे कर्ज आणि त्याच्या कुटुंबाचा भार त्यांनी आपल्या शिरावर घेतला. अपस्माराचे झटकेही येतच होते. त्यातच त्यांना जुगाराचे व्यसन जडले. १८६५ मध्ये जर्मनीतील वीसबाडेन येथे जुगारात सर्व पैसे हरल्यावर हॉटेलच्या मालकाने त्यांचे जेवणही बंद केले. अशा मानहानीच्या दिवसांत ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीचा आराखडा त्यांच्या मनात आकार घेत होता. १८६६ मध्ये ती एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह हा गरीब विद्यार्थी आहे. असामान्य माणसाला नीतीचे बंधन नसते, असा सिद्धांत त्याने रचलेला असतो. त्या बळावर तो एका सावकार म्हातारीचा खून करतो. अचानक तेथे आलेली तिची निरपराध बहीणही त्याच्या कुऱ्हाडीला बळी पडते. पोलिसांच्या हाती पुरावा नसतो, तरीही त्याची शिक्षा त्याच क्षणी सुरू होते. आई, बहीण, मित्र यांच्याशी असलेले त्याचे नाते तुटते आणि माणसांच्या गर्दीत तो एकटा पडतो. दोस्तोयेव्हस्की यांच्या मते पापाचे खरे स्वरूप हेच आहे. नियमभंगापेक्षाही, इतरांपासून स्वतःला तोडून घेणे हे मोठे पाप होय. कुटुंबाच्या पोटासाठी देहविक्रय करावा लागणारी सोन्या त्याला यातून मार्ग दाखवते. ती त्याला दोष देत नाही. परंतु त्याला सोडूनही देत नाही. चौकात जाऊन धरणीला वंदन कर आणि आपला अपराध सर्वांसमोर कबूल कर, असा तिचा आग्रह असतो. समाज जिला पापिणी ठरवतो, तीच येथे उद्धाराचा मार्ग दाखवते.

याच सुमारास एका प्रकाशकाशी केलेला करार त्यांच्या गळ्याशी आला. ठरलेल्या दिवशी नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षे त्यांचे सर्व लेखन मोबदल्याविना छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. आन्ना या तरुण लघुलेखिकेच्या मदतीने त्यांनी ‘जुगारी’ ही कादंबरी अवघ्या २६ दिवसांत पूर्ण केली. १८६७ मध्ये त्यांनी आन्नाशी विवाह केला. पुढील चार वर्षे परदेशात गेली. तेथे त्यांनी पत्नीचे दागिने आणि कपडेही गहाण टाकून जुगार खेळला, पश्चात्तापाने तिच्यापुढे अश्रू ढाळले आणि पुन्हा तीच चूक केली. आन्नाने दोषारोप न करता त्यांना सांभाळून घेतले. अखेर १८७१ मध्ये त्यांनी जुगार कायमचा सोडला. क्षमेचे सामर्थ्य त्यांनी असे स्वतःच्या घरातच अनुभवले.

१८७८ मध्ये त्यांचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा अपस्माराने दगावला. आपलाच आजार मुलाच्या वाट्याला आला, ही वेदना त्यांना असह्य झाली. शोकाकुल अवस्थेत ते ऑप्तिना येथील मठात जाऊन आले. त्यानंतर लिहिलेल्या ‘करामाझोव्ह बंधू’ या कादंबरीतील सर्वांत धाकट्या, निर्मळ भावाला त्यांनी आपल्या मुलाचेच नाव दिले. या कादंबरीत वडिलांचा खून एका हाताने होतो. पण तो व्हावा असे ज्यांना मनातून वाटले, तेही अपराधातून सुटत नाहीत. निष्पाप बालकांच्या यातनांवर उभा राहणारा स्वर्ग आपल्याला नको, असे इव्हान हा भाऊ ईश्वरालाच सुनावतो. दोस्तोयेव्हस्की स्वतः श्रद्धावान होते. तरीही त्यांनी हा प्रश्न सौम्य केला नाही. प्रत्येक जण सर्वांसाठी जबाबदार आहे, या मठवासी झोसिमाच्या शिकवणुकीतून आणि अल्योशाच्या सेवाभावी जीवनातून त्यांनी त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला.

दोस्तोयेव्हस्की हे निर्दोष पुरुष नव्हते. कादंबऱ्यांतून अथांग करुणा व्यक्त करणाऱ्या या लेखकाच्या वृत्तपत्रीय लेखनात ज्यू आणि पोलिश लोकांविषयीचा पूर्वग्रह आढळतो. आपणच दिलेली शिकवण त्यांना नेहमी पाळता आली नाही.

१८८१ च्या प्रारंभी सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवशी त्यांनी तोबोल्स्कला मिळालेले ते जुने पुस्तक मागवून घेतले आणि पत्नीला त्यातील एक पान वाचायला सांगितले. पायांत बेड्या असताना अनोळखी स्त्रियांनी दिलेली ती भेट त्यांनी एकतीस वर्षे जपली होती. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. गुन्ह्याची शिक्षा न्यायालय देऊ शकते. परंतु अपराध्याला पुन्हा माणसांत आणण्यासाठी त्याची स्वतःची कबुली आणि दुसऱ्या कोणाची तरी करुणा, या दोन्हींची गरज असते. दोस्तोयेव्हस्की यांचे जीवन आणि साहित्य याचीच साक्ष देतात.