टेबलाचं बिल 72 पौंड, पण पैसे मागून मागून जीव गेला : थॉमस चिपेंडेल नावाच्या सुताराची गोष्ट

चिपेंडेल हे नाव तुम्ही कुठं ना कुठं ऐकलेलं असतंय. लहानपणी डिस्नेच्या कार्टूनमध्ये चिप आणि डेल नावाच्या दोन खारी बघितल्या असतील, तर त्यांचं नाव याच शब्दाची फोड करून ठेवलेलं. ओटीटीवर अमेरिकेतल्या त्या फेमस मेल डान्स क्लबवरची सिरीज बघितली असेल, तर तो चिपेंडेल्स क्लब सुरू करणारा सोमेन बॅनर्जी हा मुंबईत जन्मलेला माणूस. क्लबमधलं फर्निचर चिपेंडेल स्टाईलचं होतं, म्हणून क्लबला तेच नाव पडलं.

पण ज्याच्या नावावरून हे सगळं झालं तो गडी ना डान्सर होता, ना कार्टूनवाला. तो होता सुतार. 18 व्या शतकातला, इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातला. त्यानं बनवलेल्या एका टेबलाची किंमत कारागिराच्या वर्षभराच्या मजुरीपेक्षा जास्त होती आणि तरीसुद्धा तो आयुष्यभर पैशांसाठी लोकांचे उंबरे झिजवत राहिला.

तर गोष्ट सुरू होते ऑटलीत. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा परगणा आहे, तिथलं हे बाजाराचं गाव. 5 जून 1718 ला इथल्या चर्चमध्ये थॉमसचा बाप्तिस्मा झाला. बाप जॉन सुतार, घराण्यात आधीपासून सुतारकामच. त्यामुळं रंधा, पटाशी, करवत या गोष्टी पोरानं खेळण्याच्या वयातच हाताळल्या असणार. पण घरातल्या सुतारकीत आणि लंडनच्या श्रीमंतांसाठी फर्निचर बनवण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. तिशी गाठेपर्यंत थॉमस लंडनला पोचला होता. 1748 साली त्यानं कॅथरीन रेडशॉ नावाच्या मुलीशी लग्न केलं. या दोघांना पुढं नऊ पोरं झाली.

खरी उडी मारली 1753-54 ला. लंडनच्या सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर त्यानं जागा भाड्यानं घेतली. चित्रकार, नक्षीकार, फर्निचरवाले असा सगळा गोतावळा याच भागात. पुढं रस्त्याला लागून दुकान, शेजारी राहायचं घर आणि मागच्या आवारात वर्कशॉप. म्हणजे बायको-पोरं, गिऱ्हाईक, कारागीर आणि लाकूड सगळं एकाच वाड्यात. दुकानाच्या पाटीवर खुर्चीचं चित्र. भांडवल लावलं जेम्स रॅनी नावाच्या स्कॉटिश भागीदारानं.

आणि त्याच वर्षी थॉमसनं असं काही केलं जे त्याच्या आधी कुठल्या फर्निचरवाल्यानं या प्रमाणावर केलं नव्हतं. त्यानं पुस्तक काढलं. नाव 'द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर'. खुर्च्या, पलंग, कपाटं, लिहायची टेबलं, सगळ्याची बारीक रेखाटनं, तब्बल 160 पानं भरून. आजच्या भाषेत सांगायचं तर हा कॅटलॉग होता आणि जाहिरातसुद्धा. छापायच्या आधीच 300 च्या वर लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं होतं. त्यात ड्यूक आणि अर्ल होते, तसे साधे सुतारही होते. सरदारानं चित्र बघून ऑर्डर द्यायची आणि गावाकडच्या सुतारानं चित्र बघून तसंच बनवायचं, असा दुहेरी डाव.

यात एक तोटा होता आणि तो थॉमसला पुढं चांगलाच नडला. पुस्तक विकलं म्हणजे डिझाईन पण विकलं. ते बघून कुणीही कॉपी मारू शकत होतं आणि लोकांनी मारलीही. इन्स आणि मेह्यू या प्रतिस्पर्धी जोडीनं तर तसंच पुस्तक काढायला घेतलं. उत्तर म्हणून थॉमसनं 1762 ला नवी आवृत्ती आणली, त्यात 200 चित्रं. अटलांटिकपार फिलाडेल्फियातले सुतार त्याच्या डिझाईनच्या खुर्च्या बनवू लागले. चिपेंडेल ही स्टाईल झाली, पण त्याचा एक पैसाही चिपेंडेलच्या गल्ल्यात आला नाही.

पुस्तक येऊन वर्ष होतंय न होतंय तोवर एप्रिल 1755 मध्ये वर्कशॉपला आग लागली. लाकडाचा भुसा, सरस वितळवायच्या शेगड्या आणि मेणबत्त्या असल्यावर आग लागायला किती वेळ लागतो? या आगीत 22 कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्या. त्या काळात हत्यारं मालकाची नसायची. प्रत्येक कारागिराची स्वतःची पेटी असायची, वर्षानुवर्षं एकेक करून जमवलेली. ती जळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसरीकडं कामाला जायचं तरी काय घेऊन? धंद्याचा विमा होता, त्यामुळं चिपेंडेल सावरला.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे टेबलावर.

त्या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना एक नवा नाद लागलेला. घरात मोठी लायब्ररी पाहिजे आणि तिच्या मधोमध भलंमोठं लिहायचं टेबल पाहिजे. भिंतीला लावायचं नाही, मधोमध ठेवायचं. म्हणजे चारी बाजूंनी दिसणार, म्हणजे त्याला मागची बाजूच नाही. जिथून बघाल तिथून ते तेवढंच देखणं दिसलं पाहिजे. सुताराला लपवायला जागाच उरत नाही. खाली दोन्हीकडं कपाटासारखे दोन खांब, त्यात कप्पे आणि खण, मध्ये पाय घालायला मोकळी जागा आणि वर चामडं किंवा कापड लावलेला सपाट पृष्ठभाग.

यासाठी लाकूड लागायचं महोगनी. ही फळी रुंद मिळते, सहजासहजी वाकत नाही, कीड कमी लागते आणि बारीक नक्षी कोरली तरी कडा तुटत नाहीत. 1721 मध्ये इंग्लंडनं आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचा कर उठवला, तेव्हापासून जमैका आणि आसपासच्या बेटांवरून महोगनीची जहाजं येऊ लागली. ती झाडं तोडायचं काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतलं जायचं. (आज आपल्याकडं महोगनी लागवडीतून करोडपती व्हा म्हणून व्हॉट्सॲपवर जे फॉरवर्ड येतात, त्या महोगनीच्या नावामागं हा इतिहास आहे.)

लाकूड आलं की लगेच काम सुरू होत नसायचं. ओंडका आधी फाडायचा. एक जण वर, एक जण खाली आणि मध्ये लांब करवत. मग फळ्या हवेत रचून वाळवत ठेवायच्या, आणि यात महिने जायचे. घाई केली तर टेबल घरी पोचल्यावर फळीला भेग जाणार हे नक्की. खणांच्या कोपऱ्यात खिळे मारायचे नाहीत. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे दात काढायचे, दुसरीत तशाच खाचा काढायच्या आणि दोन्ही एकमेकांत बसवायच्या. याला डव्हटेल सांधा म्हणतात. खण रोज कितीही वेळा ओढला तरी तो सांधा उघडत नाही, कारण ओढण्याच्या दिशेला दात अजून घट्ट बसतात. जोडायला जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेली गरम सरस. ती गार व्हायच्या आत सांधा बसला पाहिजे. हे सगळं हातानं, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात.

असंच एक टेबल 1767 ला नॉस्टेल नावाच्या वाड्यासाठी तयार झालं. हा वाडा यॉर्कशायरमध्येच, मालक सर रोलंड विन. टेबलाचं बिल झालं 72 पौंड 10 शिलिंग. लंडनमधला चांगला कारागीर तेव्हा वर्षभर राबून एवढं कमवत नव्हता. विन साहेबांना टेबल इतकं आवडलं की बायकोसोबत स्वतःचं चित्र काढून घेतलं ते याच टेबलापाशी उभं राहून. ते टेबल आजही नॉस्टेलमध्येच आहे.

याच वाड्यासाठी चिपेंडेलनं वॉलपेपर दिला, पडदे दिले आणि स्वयंपाकघरात मांस तोडायला लागतो तो लाकडी ठोकळासुद्धा दिला. फर्निचरचा शेक्सपियर वगैरे म्हणतात त्याला, पण बिलात खाटकाचा ठोकळा पण आहे. कारण धंदा तसाच होता. कारागीर अंदाजे 40-50, त्यांची मजुरी दर आठवड्याला द्यायची, लाकूड रोखीनं किंवा थोड्या मुदतीनं घ्यायचं, त्यामुळं ऑर्डर कुठलीही असो, नाही म्हणून चालायचं नाही.

आणि गिऱ्हाईक पैसे कधी द्यायचं? मनात येईल तेव्हा. सरदारांकडं उधारी वर्ष-वर्ष चालायची. तगादा लावला तर ते नाराज होणार, त्यांनी चार ओळखीच्यांना सांगितलं तर पुढच्या ऑर्डरी बंद. विन साहेबांशी झालेला त्याचा पत्रव्यवहार टिकून आहे. त्यात विन साहेब माल उशिरा आला म्हणून झापतायत आणि चिपेंडेल आधी माफी मागतोय, मग हात जोडून थकबाकी मागतोय, असं चक्र चालूच राहतं. एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कर्ज फेडलं नाही की थेट तुरुंग होता. सरदाराकडून पैसे आले नाहीत तर आत जाणार होता सुतार.

त्यात 1766 च्या सुरुवातीला भागीदार रॅनी वारला. त्याचा वाटा मोकळा करायला दुकानातला माल लिलावात काढावा लागला. पुढं रॅनीचा हिशेबनीस थॉमस हेग यानं भागीदारी घेतली, तेव्हा कुठं जरा पैसा खेळता झाला.

पैशाची तंगी माणसाला कुठं नेते बघा. 1769 मध्ये फ्रान्समधून 60 खुर्च्यांच्या कच्च्या चौकटी मागवताना किंमत अगदीच कमी दाखवली म्हणून कस्टमवाल्यांनी त्या जप्त केल्या. याचं समर्थन करायचं कारण नाही, चोरी ती चोरीच. पण दुसऱ्यांदा कस्टमचा छापा पडला तेव्हा माल गिऱ्हाईकाचा होता आणि त्याचं नातं थेट भारताशी आहे.

डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा इंग्लंडचा सुपरस्टार नट. कलकत्त्यातल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच्या बायकोसाठी मछलीपट्टणमचं हातानं रंगवलेलं कापड भेट पाठवलं. पलंगाला झालर आणि पडदे करायला ते चिपेंडेलकडं आलं. अडचण एवढीच की भारतीय छापील सुती कापडापुढं इंग्लंडच्या विणकरांचं काही चालत नव्हतं, म्हणून त्याच्यावर तिथं बंदी होती. 1775 मध्ये वर्कशॉपमधून कापड उचललं गेलं. ते सोडवायला गॅरिक कुटुंबाला ओळखी वापराव्या लागल्या. तो पलंग आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

त्याचं सगळ्यात मोठं काम होतं हेअरवुड हाऊस. मालक एडविन लॅसेल्स, घराण्याचा पैसा वेस्ट इंडिजमधल्या साखरेचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. या घरासाठी 1770 च्या आसपास जे लायब्ररी टेबल बनलं, त्यात साधी महोगनी नाही. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून एकमेकांशेजारी बसवून फुलापानांची नक्षी केलेली, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं धातूकाम. बरेच जाणकार याला त्याचं सर्वोत्तम काम मानतात. 1965 साली हे टेबल लिलावात 41,000 गिनींना गेलं, फर्निचरसाठी तेव्हा हा आकडा विक्रमी होता. लीड्स शहरानं ते घेतलं आणि आज ते तिथल्या टेंपल न्यूसममध्ये बघायला मिळतं. ऑटलीपासून फार लांब नाही.

आता एक गंमत. या टेबलांवर चिपेंडेलच्या स्वतःच्या हाताचा रंधा फिरला असेल का? वर्कशॉप एवढं मोठं झाल्यावर मालकाचा वेळ डिझाईन, गिऱ्हाईक आणि वसुली यात जायचा. अमुक वस्तू खुद्द त्यानं घडवली असं कुठल्याही फर्निचरकडं बोट दाखवून सांगता येत नाही. तो मालावर शिक्का किंवा सही पण मारायचा नाही. त्यामुळं एखादी खुर्ची खरंच त्याच्या वर्कशॉपमधली आहे का, हे ठरवायला संशोधक आधी शोधतात ते बिल. ज्या बिलांचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तीच आज त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा पुरावा आहेत. ज्या कारागिरांनी ते डव्हटेल कापले, त्यातल्या बहुतेकांची नावं मात्र कुठल्याच कागदावर नाहीत.

1772 मध्ये कॅथरीन गेली. 1776 च्या सुमारास त्यानं कारभार मोठ्या पोराकडं सोपवला, त्याचंही नाव थॉमसच. 1777 मध्ये एलिझाबेथ डेव्हिसशी दुसरं लग्न केलं, आणखी पोरं झाली. पण क्षयानं गाठलं आणि नोव्हेंबर 1779 मध्ये तो वारला. 16 नोव्हेंबरला सेंट मार्टिन चर्चच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पुढं त्या जागेवर नॅशनल गॅलरी उभी राहिली, त्यामुळं कबर बघायला मिळत नाही.

पोरगा कारागीर म्हणून बापाच्या तोडीचा निघाला. पण उधारीचा रोग त्यालाही लागला. 1804 मध्ये फर्म दिवाळखोरीत गेली आणि दुकानातला माल लिलावात विकला गेला.

थॉमस चिपेंडेल दिसायला कसा होता हे सांगणारं एकही चित्र उपलब्ध नाही. ऑटलीत जुन्या शाळेच्या इमारतीपाशी त्याचा पुतळा उभा आहे, त्याचा चेहरा शिल्पकारानं मनानं घडवलेला आहे.