शंकर बाळकृष्ण दीक्षित : शिक्षकांमध्ये घडलेला शिक्षक





क्षिप्रेकाठच्या आपल्या वेधशाळेत आपण सर्वजण कधी ना कधी गेलेलो आहोत. तेथील शंकुयंत्राची दुपारची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास वर्षात सर्वांत लांब असते. त्यानंतर ती रोज थोडी थोडी आखूड होत जाते. म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे सरकणे त्याच दिवशी सुरू होते. मग आपण तिळगूळ १४ जानेवारीला का वाटतो? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा परिचय या अंकात आम्ही करून देत आहोत.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये कोकणातील दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे मॅट्रिकची परीक्षा दिली. विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी ‘सृष्टचमत्कार’ आणि ‘ज्योतिर्विलास’ ही सोप्या मराठीतील विज्ञानाची पुस्तके लिहिली.

शाळामास्तराच्या तुटपुंज्या साधनांवर एवढे काम कसे झाले? याचे उत्तर त्यांच्या सोबत्यांमध्ये आहे. ठाण्याला त्यांचा संबंध जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी आला. मोडक वेदांग ज्योतिषाचे अभ्यासक होते. तिसरे सोबती आपल्याच मुलखातले होते. ते ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले. पंचांग आकाशाशी जुळत नाही, हे लेले बरीच वर्षे सांगत होते. त्या काळी आपले उज्जैनही ग्वाल्हेर संस्थानातच होते.

या तिघांचे म्हणणे थोडक्यात असे. ऋतूंचे वर्ष सूर्याच्या संपाताशी, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या क्षणाशी, बांधलेले असते. आपली पंचांगे मात्र ताऱ्यांवरून वर्ष मोजतात. हे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठे पडते. साठ-सत्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो आणि शतकांनंतर तो तीन आठवड्यांचा होतो. म्हणून उत्तरायण डिसेंबरात आणि संक्रांत जानेवारीत. ऋतूंशी जुळणाऱ्या पंचांगाला सायन पंचांग म्हणतात. १८८४ च्या सुमारास लेले, मोडक आणि दीक्षित यांनी मिळून असे पंचांग छापायला सुरुवात केली. पुष्कळांना ते पटले नाही. तरी कोणी एकाने गणित करावे, दुसऱ्याने ते तपासावे, तिसऱ्याने शंका काढावी, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

दीक्षितांच्या गणिताची कीर्ती दूरवर गेली. फ्लीट या विद्वानांनी गुप्त राजांचे शिलालेख १८८८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील तिथी-वारांचे गणित दीक्षितांनी करून दिले. सागर जिल्ह्यातील एरण येथील स्तंभलेखाची तारीख गुरुवार, २१ जून ४८४ अशी नक्की झाली. गुप्त संवत् केव्हा सुरू झाला, हा मोठा वाद मिटवण्यास अशा गणिताची फार मदत झाली. रॉबर्ट स्युअल यांच्यासह लिहिलेला त्यांचा इंग्रजी कालगणनेचा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनला निघाला. त्याच वर्षी पुण्यात भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा मोठा मराठी इतिहास छापून आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून हा ग्रंथ आम्ही प्रथम हिंदी अनुवादातच वाचला. वाचताना आम्हाला संकोच वाटला. नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षे आम्ही वर्गात सांगत होतो की संक्रांतीला उत्तरायण सुरू होते. एका विद्यार्थ्याने पुस्तकातली २२ डिसेंबर ही तारीख दाखवली, तेव्हा आम्ही त्याला गप्प बसवले. चूक आमची होती. पण ती इतकी वर्षे टिकली, कारण विचारावे असे कोणी जवळ नव्हते. प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गाचे दार लावून शिकवत होता.

उज्जैनने दीक्षितांचे काम पुढे नेले, याचा आपल्याला अभिमान वाटावा. माधव महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक आणि येथील जिवाजी वेधशाळेचे अधीक्षक आर. व्ही. वैद्य यांनी त्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. भारत सरकारने १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीतही ते होते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन वर्षावरच आधारलेली आहे. सण मात्र आजही जुन्या रीतीनेच साजरे होतात, आणि त्यातही काही वावगे नाही. कारण समजले म्हणजे झाले.

शिक्षकांनी एकत्र बसून शिकण्याची रीत मध्य प्रदेशाला नवी नाही. होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम, येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठका होत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, यावर तेथे मोकळेपणाने बोलणे होई. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. पण बैठक भरवायला कोणाच्या आदेशाची गरज नसते.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे. विज्ञान व गणिताच्या शिक्षकांना महिन्यातून एका शनिवारी दोन तास एकत्र बसू द्यावे आणि ते दोन तास कामाचेच धरावेत. पालकांनी तेवढा वेळ समजून घ्यावा. पहिल्या बैठकीत फसलेला एक प्रयोग सांगायला आम्ही स्वतः उभे राहू.

आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या २२ डिसेंबरला शाळेच्या अंगणात एक काठी सरळ रोवा. दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा आणि वहीत लिहा. १४ जानेवारीला पुन्हा मोजा. फरक काय येतो, ते आपल्या शिक्षकांना विचारा. त्यांनाही एकमेकांना विचारू द्या.